कंट्रोल उठला आणि आमच्या खाटा रिकाम्या झाल्या

बाई प्रसूतिगृहात का येते, असं मला नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणी विचारलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दिवस भरले म्हणून येते, नाहीतर घरी अडली म्हणून येते. त्यात विचारण्यासारखं काय आहे मेलं! पण कल्याणात इतकी वर्षं बाळंतपणं करून घरी बसल्यावर आता मी छातीठोकपणे सांगते, की मला त्याचं उत्तर येत नाही.

हे सगळं निघालं माझ्या भाच्यामुळे. तो कॉमर्सला आहे. परवा जेवताना म्हणाला, “मावशी, कुठल्याही धंद्यावर बाहेरच्या परिस्थितीचा परिणाम होतो. म्हणजे सरकार, कायदे, टंचाई, लोकवस्ती. तुमच्या हॉस्पिटलवर काय काय झाला ते सांग ना, मला लिहायचंय.” मी म्हटलं, अरे, आम्ही त्याला धंदा म्हणत नव्हतो. आणि तुझी ती बाहेरची परिस्थिती आम्हाला येताना कधी दिसलीच नाही, निस्तरताना तेवढी दिसली. त्याला हे काही लिहून घेता येईना. म्हणून आता मीच लिहायला बसले आहे.

आमचं प्रसूतिगृह सहा खाटांचं. डॉक्टर, मी आणि गंगूबाई नावाची आया, एवढा कारभार. डॉक्टर मुंबईला शिकलेले, हाताला यश असलेले, पण तोंडाने भारी फटकळ. खेड्यातल्या बायका त्यांच्यासमोर पदर तोंडात धरून गप्प बसायच्या. त्यामुळे डॉक्टरांचं म्हणणं बायकांना सांगायचं आणि बायकांचं डॉक्टरांना, हे काम माझ्या गळ्यात. लोकांना वाटतं नर्स म्हणजे मूल झेलणारी. अहो, मूल येतं त्याचं ते! खरं काम आधीचं. पोटावर हात ठेवून डोकं कुठे आहे ते चाचपायचं, लाकडी नळी पोटाला लावून ठोके ऐकायचे, आणि ह्या सगळ्यापेक्षा अवघड म्हणजे सासूला पटवायचं.

कारण तेव्हा बाळंतपण घरातच व्हायचं. इस्पितळात नेली ती गेली, अशी सगळीकडे समजूत. आणि ती अगदीच खोटी नव्हती. सुईणीने दोन दिवस खटपट करून हात टेकले की मग बैलगाडीत घालून आमच्याकडे आणायचे. मग आम्ही तरी काय करणार? शिवाय इस्पितळात शेक नाही, धुरी नाही ही तक्रार होतीच. शेवटी मी डॉक्टरांशी भांडून खाटेखाली शेगडी ठेवायची परवानगी मिळवली. ओव्याच्या धुराने डॉक्टर खोकायचे, मला शिव्या घालायचे आणि खिडक्या उघडायचे. मग सासवा खिडक्या लावायच्या.

फाळणी झाली आणि विठ्ठलवाडीच्या पुढच्या लष्करी बराकींत सिंधी निर्वासित येऊन राहिले. आमच्या ओसरीवर एकदम वेगळ्या बायका दिसायला लागल्या. आपणहून यायच्या, डॉक्टरांशी समोरासमोर बोलायच्या, खाट कुठली हवी ते सांगायच्या. गंगूबाई तोंडात बोट घालून बघत राहायची. तिला त्यांचं कळेना आणि मला गंगूबाईचं. मग दारूबंदी आली. आमची स्पिरिटची बाटली एकाएकी गुन्हेगार ठरली. तिची वेगळी वही, वेगळं कुलूप. एक इन्स्पेक्टर यायचा, बाटलीचा वास घ्यायचा आणि मग माझ्याकडे असा बघायचा, जणू ती मीच रिकामी केली. मी जन्मात चहापलीकडे काही प्यायले नव्हते हो!

पण ह्या सगळ्यांवर ताण केली ती कंट्रोलने, म्हणजे सरकारी रेशनिंगने. तांदळावर कंट्रोल, साखरेवर कंट्रोल, कापडावर कंट्रोल. उठला म्हणून जरा हुश्श करावं तर परत बसला. मग परत उठला. कुठला कधी उठला आणि कधी बसला ते मला विचारू नका, मला तेव्हाही कळत नव्हतं.

ह्या कंट्रोलातून निघाली चिठ्ठी. आमच्याकडे तेव्हा बाळंतिणीला काही दिवस जादा साखर मिळायची आणि बाळाचं नाव रेशनकार्डावर चढायचं, पण त्याला दाखला लागायचा. घरी बाळंत झालेलीच्या नवऱ्याने त्यासाठी पाटील, तलाठी करत हेलपाटे घालायचे. आमच्याकडे मात्र डॉक्टरांची सही आणि शिक्का असलेली चिठ्ठी तिसऱ्या दिवशी हातात. नियम नेमका काय होता ते मला कधी धड समजलं नाही, रेशनच्या कारकुनालाही समजलं असेल असं वाटत नाही. आमची चिठ्ठी चालायची एवढं खरं.

एकदा एका सासूला पटवता पटवता मी अगदी रडकुंडीला आले होते. सुनेच्या पायांना सूज, डोकं सतत दुखतंय, आणि ही बया म्हणते घरीच बाळंत करीन. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “अहो, इथे झाली तर साखरेची चिठ्ठी लगेच मिळते.” सासूने मान वर केली. म्हणाली, “मंग नाव घाला.”

इतकं सोपं होतं ते! त्यानंतर मी दुसरं काही बोलायचंच सोडून दिलं. सूज, हाड, रक्त, मूल आडवं आहे, पायाळू आहे, हे सगळं समजावत बसायला अर्धा तास लागायचा आणि पटायचं नाही. चिठ्ठी म्हटलं की काम झालं. बघता बघता खाटा भरल्या. ओसरीवर दोन गाद्या टाकायची वेळ आली. मानपाडा, कळवा, कुठून कुठून गाड्या यायला लागल्या. डॉक्टर मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, “लोक शहाणे होत चाललेत, बाई.” मीही मान डोलावली. गंमत बघा, चिठ्ठीचं आमिष मीच दाखवत होते, आणि तरी मला मनापासून वाटायला लागलं होतं की बायका आमच्या हातगुणावर येतात.

त्या गर्दीतच मानपाड्याची जनी आली. सतरा-अठराची पोर, अंगाने किडकिडीत, पहिलटकरीण. बरोबर सासू, भागूबाई. ही भागूबाई कल्याणच्या बाजारात भाजी विकायला बसायची, आवाज असा खणखणीत की चार दुकानं पलीकडे ऐकू यावा. जनीला फार त्रास झाला. डॉक्टरांना चिमटे लावून मूल ओढून काढावं लागलं. मुलगा वाचला, जनीही वाचली, पण डॉक्टर हात धुताना मला म्हणाले, “हिच्या कमरेचं हाड अरुंद आहे. हे मूल लहान होतं म्हणून निभावलं. पुढच्या खेपेला घरी ठेवली तर दोघंही जातील. कळा सुरू व्हायच्या आत इथे यायला हवी. सासूला नीट समजावून सांगा.”

मी वहीत जनीच्या नावापुढे लाल पेन्सिलीने तसा शेरा लिहिला. तिसऱ्या दिवशी चिठ्ठी घेऊन बाहेर गेले. ओसरीवर चिठ्ठ्यांसाठी ही झुंबड. भागूबाई गाडीवाल्यावर ओरडत होती, गाडीवाला बैलांवर ओरडत होता. मी तिच्या हातात चिठ्ठी ठेवली आणि म्हटलं, “पुढच्या वेळीपण इथेच आणायची हं भागूबाई, घरी नाही ठेवायची. चिठ्ठी मिळेल.”

नीट समजावून सांगणं म्हणजे एवढंच. मला वाटलं, काय ते सांगून झालं.

पुढे कंट्रोल उठला. ह्या वेळी खरोखरचा उठला. गंगूबाईने स्वतः शिरा केला, डॉक्टरांनी दोनदा मागून खाल्ला. सगळं गाव खुशीत होतं, आम्हीही होतो. आणि त्यानंतर आमच्याकडच्या बायका कमी व्हायला लागल्या. आधी ओसरीवरच्या गाद्या उचलल्या. मग सहातल्या चार खाटा भरलेल्या, मग दोन. मग एक सिंधी बाई आणि पाच रिकाम्या खाटा, असं आठवडाभर चाललं.

आमची तिघांची मती गुंग झाली. डॉक्टर म्हणाले, स्टेशनजवळ नवीन डॉक्टर आलाय, तो पळवतोय. मी मुद्दाम जाऊन बघून आले, तर तो बिचारा दात काढणारा निघाला. गंगूबाई म्हणाली, दृष्ट लागली. तिने मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या, दारावर लिंबू बांधलं. डॉक्टरांनी लिंबू काढलं आणि पाटी नव्याने रंगवून घेतली. मग म्हणाले, सिंहस्थात लग्नं होत नाहीत, त्याचा हा परिणाम असेल. पंचांग काढून बघितलं तर सिंहस्थ कुठल्या कुठे. उलट मांडवांना बांबू मिळाले नव्हते इतकी लग्नं झालेली! “मग ह्या पोरी बाळंत कुठे होतायत?” डॉक्टर माझ्यावरच खेकसले. मला रात्रंदिवस वाटायचं, आपल्याच हातून काहीतरी चुकलंय, कुणीतरी बाई दगावलीय आणि गावोगाव आपलं नाव झालंय. पण कुणी दगावलेलंही नव्हतं.

उत्तर मिळालं ते बाजारात. मी वालाच्या शेंगा घ्यायला गेले, तर समोर भागूबाई. मी विचारलं, “जनी कशी आहे?”

“बरी हाय. दिस भरत आलं तिचं,” तागडी न थांबवता ती म्हणाली.

“अगं बाई! मग दाखवायला नाही आणलीस ती? नाव नाही घातलंस?”

“आता कं करायचं तुमचेकरं येऊन?” भागूबाई हसली. “कंट्रोल उठला नं बाय. साखर वान्याकरं मिलते.”

मी शेंगा हातात घेऊन तशीच उभी राहिले. आजूबाजूला बाजार चाललेला, कुणीतरी माझ्या पाठीवर पाटी आदळून पुढे गेलं. पाच रिकाम्या खाटा, लिंबू, पंचांग, सगळं त्या एका वाक्यात होतं. ह्या बायका साखरेला आल्या होत्या! मीच बोलावलं होतं त्यांना साखरेला!

मी भानावर येऊन भडाभडा बोलायला लागले. जनीचं हाड अरुंद आहे, मूल मोठं असलं तर अडेल, घरी ठेवलीस तर जिवावर बेतेल. भागूबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “यवढा जीवाचा धोका व्हता, तं तवा कां नाय सांगलं? तवा तं चिठ्ठी मिलल, चिठ्ठी मिलल, येवढंच सांगत व्हतीस.” आणि मग शेजारणीकडे वळून, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात: “खाटा रिकाम्या परल्यान ना, म्हनून बोलवतं.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण राग कुणाचा यावा तेच कळेना. तिच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं.

डॉक्टरांना सांगितलं तर ते आणखी भडकले. “म्हणजे इतके दिवस तुम्ही साखरेवर बायका आणत होतात?” मी म्हटलं हो. मग म्हटलं, मी मानपाड्याला जाते. “अजिबात नाही. आपण वैद्यकी करतो, दारोदार पेशंट मागत हिंडत नाही. लोक काय म्हणतील?” लोक काय म्हणतात ते मी बाजारात ऐकूनच आले होते. रजेच्या दिवशी न सांगता गेले.

भागूबाई ओटीवरच बसली होती. मला बघून तिच्या कपाळाला आठी पडली, पण चहा ठेवायला सांगितला. जनी आत, दाराच्या आडोशाला. तिचं पोट बघूनच मला कळलं, मूल मोठं आहे. मी परत सगळं समजावलं. हाताने दाखवलं, हाड कसं असतं, डोकं कुठे अडतं. भागूबाई शेंगा सोलत राहिली. आणि तिच्या त्या शेंगा सोलण्याने मी इतकी गोंधळले, की सवयीने बोलून गेले, “मी चिठ्ठी देते ना!” घरातल्या सगळ्या बायका खो खो हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग माझा तोल सुटला. मी म्हटलं, “भागूबाई, माझं चुकलं. तेव्हा सांगायला हवं होतं, मी नाही सांगितलं. आता सांगते. जनी घरात मरेल.”

दिवस भरलेल्या बाईसमोर, भर दारात, असलं बोलायचं? भागूबाई उठली, माझ्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाली, “उठ. चालू लाग.” मी उठले. परत येताना रस्ताभर मला कळेना, की मी तिला वाचवायला गेले होते की माझी चूक माझ्या डोक्यावरून उतरवायला.

चार दिवसांनी सकाळी आठ-साडेआठला गंगूबाई धावत आत आली. “बाई, बाहेर या. एकटीच आलीय!” ओसरीच्या पायरीवर जनी बसली होती. केसांत, लुगड्यावर गवताच्या काड्या. मानपाड्याहून कल्याणला गवताच्या गाड्या यायच्या, त्यातल्या एकीवर बसून आली होती. बरोबर कुणी नाही. आमच्या दारात तोवर गावाकडची कुठलीच बाई एकटी आली नव्हती. मी म्हटलं, “अगं, सासूला सांगून आलीस का?”

“आवस भाजी घेऊन पुरं गेली,” ती म्हणाली; सासू आधीच बाजाराला निघाली होती. “मना कळा आल्या. तुमी बोललाव ते मी आयकलं व्हतं.” आणि मग माझा हात घट्ट धरून, “मना मरायचं नाय.”

डॉक्टरांनी तपासलं, एकदाच माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, पोट उघडावं लागेल. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ठाण्याहून बोलावून घेतलं. वेळ होता, कारण ती वेळेत आली होती. पण ऑपरेशनला घरच्या माणसाचा अंगठा हवा. मी तशीच चपला न घालता बाजारात पळाले. भागूबाई समोर गिऱ्हाइकाला भेंडी मोजून देत होती. मी म्हटलं, “जनी आमच्याकडे आहे. पोट उघडायचंय. चल, अंगठा दे.” मला वाटलं होतं ती मला सगळ्या बाजारासमोर फाडून खाईल. ती तर तागडी तशीच खाली ठेवून, भाजी उघडी टाकून माझ्यापुढे चालायला लागली. कागदावर अंगठा उठवताना पहिला ठसा पुसट आला, दुसरा घ्यावा लागला.

जनीला मुलगी झाली. भली थोरली, काळी कुळकुळीत, रडून रडून इस्पितळ डोक्यावर घेणारी. भागूबाईने नात मांडीवर घेतली, पण मी तिथे असेपर्यंत माझ्याकडे बघितलं नाही. डॉक्टरांनी संध्याकाळी जन्माची वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “लाल शेरे बघा. किती आहेत ते.”

मी पाहिले. माझ्याच अक्षरातले. पुढच्या खेपेला इथेच आणणे. पुढच्या खेपेला इथेच आणणे. त्यातल्या एकीलाही मी कारण सांगितलं नव्हतं. नावं आणि गावं उतरवून घेतली आणि दर रजेला हिंडायला सुरुवात केली. आता डॉक्टर अडवत नव्हते. कुणी चहा द्यायचं, कुणी चेष्टा करायचं, “काय नर्सबाय, आता गूळ वाटताव का?” पण ऐकून घ्यायचे. काही जणी पुढे आल्याही. मला जरा बरं वाटायला लागलं होतं.

असंच एका रजेला कळव्याच्या पलीकडे, मिठागरांना लागून असलेल्या एका पाड्यावर गेले. दुपारचं ऊन मी म्हणत होतं. वहीतल्या नावाचं घर विचारत विचारत पोचले, तर अंगणात एक माणूस मांडीवर मुलगी घेऊन तिला भात भरवत बसलेला. दोन-अडीच वर्षांची असेल. ह्याच मुलीच्या वेळी तिची आई आमच्या खिडकीजवळच्या खाटेवर होती. मी आईचं नाव घेऊन विचारलं, घरात आहे का?

“ती गेली नं,” तो म्हणाला. “दोन मैने जालं. पोर अरकलं व्हतं.” मग माझ्याकडे नीट बघून, “तुमी कल्यानच्या नर्सबाय ना? तुमची लय आठवन काढायची ती. नर्सबाय मायाळू हाय, म्हनायची.”

मुलगी तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होती. त्याने घास दिला, तिचं तोंड पुसलं आणि विचारलं, “तुमी यवढ्या उन्हाचं कंच्या कामाला आलाव?”

प्रत्येक घरी धडाधड बोलून बोलून माझं सगळं पाठ झालं होतं. त्यातला एक शब्द तोंडातून येईना. मी म्हटलं, “सहज. इकडून पुढे चालले होते.”

त्या पाड्याच्या पुढे रस्ता नाही. पुढे नुसती मिठागरं आणि मग खाडी. हे त्याला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मुलीला खाली ठेवून तो मला पाणी आणायला आत गेला.